देव्यांचा कारखानदार

डंजन मास्टर ही जमात 1974 साली अमेरिकेत उदयाला आली. त्या वर्षी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसून एकेक पात्र होतात. बाकीचे सगळे जग, म्हणजे राजा, राक्षस, सराईवाला आणि पाऊस, एकटा डंजन मास्टर चालवतो. यातल्या एका पोटजातीचे मात्र राक्षसांवर भागत नाही. तिला धर्म स्थापन करायचा असतो.

खेळाची मागणी तशी माफक असते. पुजारी या पात्राला जखमा भरून काढण्याची शक्ती देवाकडून मिळते, म्हणून त्याच्या कागदावर देवाच्या नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यासाठी हा गृहस्थ तीन वह्या भरतो. सुरुवात बहुधा चंद्रदेवीपासून. मग तिच्यावर कायमची रुसलेली काळोखाची जुळी बहीण. (एड ग्रीनवुडच्या ‘फरगॉटन रेल्म्स’मध्ये सेलूने आणि शार या अशाच बहिणी आहेत, पण ही आठवण करून दिलेली त्याला खपत नाही.) पुढे समुद्र, सुगी, सूड अशी खाती वाटून होतात आणि शेवटच्या देवीच्या वाट्याला उंबरठे येतात.

त्याचा जीव खरा रमतो तो मठात. चंद्रदेवीच्या जोगिणींचा झगा राखाडी. कमरेच्या दोरीला सात गाठी, दर गाठीमागे एक व्रत. नवशिकीने वर्षभर मौन पाळायचे. मठाधिपतीणबाईंना मासे वर्ज्य, पण पौर्णिमेला चालतात. तीनशे वर्षांपूर्वी या पंथात उभी फूट पडली: दिवा चंद्रोदयाआधी लावायचा की नंतर? फुटून निघालेल्यांना वेगळा झगा, वेगळे पंचांग आणि जुन्यांना द्यायच्या वेगळ्या शिव्या. शिव्यांना पाऊण वही लागते, आणि तो भाग खरोखर चांगला उतरलेला असतो.

या कामाला मोठी परंपरा आहे. भाषातज्ज्ञ एम. ए. आर. बार्कर यांनी टेकुमेल या आपल्या जगासाठी देवांबरोबर भाषाही रचल्या. ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरांथा जगात घडणाऱ्या ‘रूनक्वेस्ट’ (1978) या खेळात तर पंथात शिरल्याशिवाय पात्राचे फारसे चालत नाही. उलट 1980 च्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या अधिकृत ग्रंथाने देवांनाही हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत किती मार सोसता येईल त्याचा आकडा, लावून दिला. झ्यूसला 400 मिळाले. इंद्र, विष्णू आणि लक्ष्मीही त्यातून सुटले नाहीत. आकडा छापला की खेळाडू तलवारीला धार लावायला बसतो, हे छापणाऱ्यांना कळायला हवे होते.

खेळाच्या रात्री मास्टर घसा साफ करून चंद्रदेवीचे स्तोत्र वाचतो. ते दुसऱ्या कडव्यात असतानाच कोणीतरी विचारते, “तो दिवा चांदीचा आहे का?” जोगिणींच्या मौनाचा अर्थ, त्या आरडाओरडा करणार नाहीत, एवढाच घेतला जातो. पंथातली फूट ऐकायला कोणी थांबत नाही. दोन्ही पंथांचे दिवे मात्र पिशवीत जातात.

पळताना फाटकावर एक म्हातारा द्वारपाल आडवा येतो. तो वहीत नसतो. फाटक आहे म्हणून मास्टरने आयत्या वेळी उभा केलेला. नाव विचारल्यावर मास्टर जे तोंडाला येईल ते सांगतो, आवाज थोडा घोगरा काढतो, म्हाताऱ्याला एक शिंक देतो. खेळाडू त्याच्यावर लट्टू होतात. दिवे विकून त्याला नवे घोंगडे घेतात, पुढच्या मोहिमेवर बरोबर नेतात, त्याची शिंक शुभशकुन मानतात. पुजाऱ्याच्या कागदावरचा देवाचा रकाना अजून कोराच असतो. तिथे द्वारपालाचे नाव लागते.

मास्टर दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. पुढच्या बैठकीला तो येतो तेव्हा त्याच्या बगलेत चौथी वही असते: शिंकेश्वर संप्रदायाची नियमावली, फुटीसह.