मिष्टीचे चाळीस टक्के

मराठी माणसाला हिशोब येतो, असा एक समज आमच्या कोलकात्याच्या पाड्यात आहे. तो खोडून काढायची मला कधी घाई झाली नाही, त्यामुळे इथल्या दुर्गापूजा समितीत माझी वर्णी लागली. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीपुढे मी नुसत्या टाळ्या वाजवतो. इथे लॅपटॉप घेऊन बसावं लागतं.

एकूण अंदाज दहा लाखांचा. कुमारटुलीची मूर्ती, बांबू-कापडाचा मंडप, चंदननगरची रोषणाई, भोग, वाद्यं. मी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल मांडलं : आधी गट, गटाखाली बाबी. भोगाचे दोन लाख. त्यात खिचुडीचे एक लाख वीस हजार, मिष्टीचे, म्हणजे मिठाईचे, ऐंशी हजार. सोबत टक्के दिले, एकूण खर्चाचे.

मिष्टी विभाग सांभाळणाऱ्या जेठूंनी चहाचा मातीचा भांड खाली ठेवला. “आठ टक्के? ओ मोशाय, माँ दुर्गा माहेरी येते आणि मिष्टी फक्त आठ?”

मी आकड्यावर राइट-क्लिक केलं, ‘शो व्हॅल्यूज ॲज’मध्ये ‘पर्सेंट ऑफ पेरेंट रो टोटल’ निवडलं. आता मिष्टी भोगाच्या उपबेरजेशी तोलली गेली : चाळीस टक्के. रुपया एकही हलला नव्हता, पण जेठूंनी सगळ्यांसाठी चहा मागवला. खिचुडीवाले साठावर गेल्याने तेही खूश. सभा एवढी एकमताने चाललेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

(ही सोय एक्सेल २०१० पासूनची. त्याआधी टेबलाच्या बाहेर हाताने सूत्रं लिहायची, आणि कोणी एक गट वरखाली केला की सूत्रं भलत्याच घरात जाऊन बसायची.)

एकमत मोडलं ते खजिनदारांनी. बँकेतून निवृत्त, संगणकापेक्षा पेन्सिलीवर विश्वास. त्यांनी शेवटची एकूण ओळ सोडून पूर्ण रकान्याची उभी बेरीज केली. सहाशे टक्के आली.

बेरीज बरोबर होती. या पद्धतीत बाब तिच्या गटाने भागली जाते, तर गटाची उपबेरीज एकूण बेरजेने. म्हणजे भोग वीस, आणि त्याच्या पोटात साठ नि चाळीस. असे पाच गट असले की उभी बेरीज करू नये एवढंच पथ्य. पण ज्या शहरात महालनोबिसांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली, तिथे एखाद्याला ‘बेरीज करू नका’ सांगायचं म्हणजे धाडसच. खजिनदारांनी तर महालनोबिसांचं नावही घेतलं, जणू ते वरून माझी फाइल तपासत होते.

मग मी ‘पर्सेंट ऑफ पेरेंट टोटल’ घेतलं आणि आधार म्हणून ‘गट’ दिला. आता प्रत्येक गट स्वतःपुरता शंभर. मूर्ती शंभर, मंडप शंभर, भोग शंभर. ज्याला त्याला आपला विभाग म्हणजेच पूजा वाटत होतीच. आता तसा छापील पुरावाही मिळाला. मंजुरीच्या सह्या भराभर झाल्या.

वाद्यांच्या गटात एकच बाब होती, सियालदा स्टेशनबाहेरून आणायचा ढाकी, म्हणजे ढोलवाला. तोही अर्थात शंभर टक्के. खजिनदारांनी त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं : ‘फार होतात. नव्वदवर तयार होतो का विचारावे.’