पगार गिऱ्हाइकांनी द्यावा, ही नम्र विनंती

धंदा कसा करावा हे शिकायचं असेल तर अमेरिकेतल्या हॉटेलवाल्याकडून शिकावं. आपल्याकडचा हॉटेलवाला रश्शात पाणी वाढवतो, पोळीचा घेर कमी करतो, फार तर वेटरचा पगार पंधरा दिवस अडकवून ठेवतो. बिचाऱ्याची झेप तेवढीच. अमेरिकन मालकानं असल्या चिल्लर उद्योगांत वेळ घालवला नाही. त्यानं थेट कायदाच करून घेतला, की माणसं मी कामाला ठेवीन, हुकूम मी सोडीन, नफा मी घेईन. पगाराचं तेवढं गिऱ्हाईक बघेल.

तिथल्या केंद्रीय कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून जागचं हललेलं नाही. पण ज्या कामगाराला टिपा मिळतात, त्याला मालकानं स्वतःच्या खिशातून तासाला २.१३ डॉलर दिले की मालक कायद्याच्या लेखी सज्जन ठरतो. उरलेले ५.१२ डॉलर टिपांमधून आले असं धरून चालायचं. हा २.१३चा आकडा १९९१ सालचा आहे. त्या वर्षी आपल्याकडे मनमोहन सिंगांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला आणि सोनं तोळ्याला साडेतीन हजारांच्या आसपास होतं. पुढे सोन्याचं काय झालं ते लग्नघरांना विचारा. २.१३ला मात्र अढळपद मिळालं.

टिपा कमी पडल्या तर फरक मालकानं भरून द्यावा, अशी कायद्यात तरतूद आहे. तरतुदी काय, आपल्याकडेही असतात. 'साहेब, या आठवड्यात माझे सव्वीस डॉलर कमी पडले' असं मॅनेजरपुढे उभं राहून सांगणाऱ्या मुलीला पुढच्या आठवड्यात शनिवारची संध्याकाळ मिळते की मंगळवारची दुपार, हे त्या तरतुदीत लिहिलेलं नाही. आणि हॉटेलातल्या टिपा शनिवारी संध्याकाळीच मिळतात.

सगळ्याच राज्यांत असं नाही, हे सांगायला हवं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, माँटाना आणि अलास्का ही सात राज्यं वेटरलाही पूर्ण किमान वेतन द्यायला लावतात. (गंमत म्हणजे तिथलं बिलाचं यंत्रही वीस टक्केच मागतं. सवय, दुसरं काय.) न्यू जर्सी, म्हणजे आपल्या निम्म्या वाचकांच्या लेकांचं गाव, मध्येच कुठेतरी आहे: २०२५ साली इतरांना तासाला १५.४९ डॉलर, टिपवाल्यांना मालकाकडून ५.६२.

ही थोर प्रथा आली कुठून? युरोपातल्या उमरावांकडून. यादवी युद्धानंतर पैसेवाले अमेरिकन युरोप बघून आले आणि नोकराच्या हातावर नाणं टेकवण्याची ऐट बरोबर घेऊन आले. नेमक्या त्याच काळात गुलामगिरीतून सुटलेली लाखो माणसं काम शोधत होती. जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योगपतीनं आपल्या आलिशान रेल्वे डब्यांत ही माणसं पोर्टर म्हणून घेतली. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या कृपेवर. प्रवासी या पोर्टरांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाका मारत, मालकाच्या नावानं. मुंबईत घरकामाला असलेला कोकणातला प्रत्येक माणूस 'रामा' असायचा, तसंच हे. आईबापांनी ठेवलेल्या नावाचा खर्च कुणी करायचा? या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली युनियन उभारली आणि कंपनीला करारावर सही करायला लावायला १९३७ उजाडलं.

त्या काळात अमेरिकन माणसाला टिप ही लाजिरवाणी गोष्ट वाटे, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. लोकशाहीत एका नागरिकानं दुसऱ्यापुढे हात का पसरावा, असा त्यांचा सवाल होता. वॉशिंग्टन राज्यानं १९०९ मध्ये टिप देण्याघेण्यावर बंदीच घातली, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी घातली. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. तत्त्वाचा आणि गल्ल्याचा सामना झाला की निकाल सहसा पंचांना विचारावा लागत नाही.

१९३८ चा किमान वेतनाचा कायदा आला, त्यात हॉटेल कामगार नव्हतेच. १९६६ मध्ये त्यांना आत घेतलं, पण टिपेची वजावट मालकाच्या पदरात टाकून. मग १९९६ साली किमान वेतन वाढवायची वेळ आली तेव्हा हॉटेलमालकांच्या राष्ट्रीय संघटनेची धुरा हर्मन केन यांच्याकडे होती. तडजोड अशी झाली, की इतरांचं वेतन वाढवा, आमची हरकत नाही, वेटरचे २.१३ तेवढे आहेत तिथेच राहू द्या. हेच केन पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. हा माणूस आमच्या सहकार खात्यात असता तर कुठल्या कुठे गेला असता.

आता या व्यवस्थेत आपला मराठी माणूस कसा वागतो ते पाहू. कारण तो दर उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या मुक्कामाला तिथे दाखल होतो आणि दुसऱ्याच आठवड्यात सून-मुलगा त्याला जेवायला बाहेर नेतात.

टेबलावर बिल येतं. खाणंपिणं ८४ डॉलर. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के कर धरून ८९.५७. खाली बारीक अक्षरांत कुणीतरी गणित सोडवून ठेवलेलं असतं: १८ टक्के, २० टक्के, २५ टक्के. काका चष्मा लावतात. आधी एकूण रकमेला रुपयांनी गुणतात आणि जेवलेलं घशाशी येतं. मग काकांच्या लक्षात येतं की बिलावर छापलेले वीस टक्के म्हणजे १७.९१, हे कर धरून काढलेले आहेत. मूळ रकमेवर काढले तर १६.८० होतात. 'अरे, टॅक्सवर टिप? टॅक्स काय हिनं वाढलाय?' प्रश्न तर्कशुद्ध आहे. जगात हा प्रश्न विचारायला पुण्याचाच माणूस लागतो. मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, 'बाबा, हळू.' सून छताकडे बघते. काकू म्हणतात, 'इतकं हसून बोलत होती हो ती, मला वाटलं आपण आवडलो तिला.' त्यानंतर अकरा मिनिटं त्या एक डॉलर अकरा सेंटांवर चर्चा चालते आणि एकाच्याही डोक्यात हे येत नाही की या मुलीच्या पगाराची बोलणी आपण करतोय आणि ज्यानं तिला कामावर ठेवलंय तो इसम बैठकीला हजरच नाही.

काकूंना भावलेल्या त्या हसण्याचंही शास्त्र आहे. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन नावाचे प्राध्यापक टिपांवर संशोधन करत आले आहेत. सेवा चांगली होती की वाईट, याचा टिपेच्या रकमेशी फारच थोडा संबंध असतो, असं त्यांना आढळलं. मग संबंध कशाशी? वेटरनं टेबलाशेजारी उकिडवं बसून, डोळ्यांत डोळे घालून ऑर्डर घेतली तर टिप वाढते. बिलामागे हातानं 'थँक यू' लिहिलं तर वाढते. बिलावर हसरा चेहरा काढला तर वाढते, पण बाईनं काढला तर. पुरुषानं काढून काही उपयोग होत नाही, असं दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं. गोऱ्या वेटरपेक्षा काळ्या वेटरला कमी टिप मिळते, हेही लिन यांच्याच एका अभ्यासात आलं. म्हणजे चांगल्या कामाला बक्षीस म्हणून जी प्रथा ओवाळली जाते, तिच्यात काम सोडून बाकी सगळ्याला भाव आहे: लिंग, रंग, गुडघ्यांची ताकद. टेबलावरच्या चौथ्या पेगवाल्या गृहस्थाचा हात कमरेशी आला तर ती मुलगी तो झटकून टाकेल की हसून बाजूला होईल? झटकला तर पगार कापला जातो. तोही मालकानं नाही, गिऱ्हाइकानं; त्यामुळे तक्रार करायची कुणाकडे?

आणि आता तर जेवायला बसायचीही अट राहिलेली नाही. फ्रीजमधली पाण्याची बाटली स्वतःच्या हातानं काढून गल्ल्यावर ठेवा. पलीकडचा पोरगा टॅबलेट तुमच्याकडे वळवतो, 'हा फक्त एक छोटासा प्रश्न विचारेल' म्हणतो आणि सभ्यपणे दुसरीकडे बघतो. पडद्यावर तीन मोठ्ठी बटणं आणि 'टिप नको'चं बटण कोपऱ्यात, अंग चोरून. मागे रांगेत चार माणसं तुमच्या बोटाकडे बघत असतात. २०२३ च्या प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकनांनी सांगितलं की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपेची अपेक्षा असते. उरलेले २८ टक्के बहुधा घरीच जेवत असावेत.

पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची खरी कला पाहायची तर ॲपवाल्या कंपन्यांकडे वळलं पाहिजे. डोअरडॅश ही घरपोच जेवण पोचवणारी कंपनी पोचवणाऱ्याला एका खेपेमागे ठरावीक रकमेची हमी द्यायची आणि गिऱ्हाइकानं दिलेली टिप त्या हमीतच जिरवायची. म्हणजे तुम्ही पावसात आलेल्या पोराला कनवाळूपणे चार डॉलर जास्त दिलेत, की कंपनीचे चार डॉलर वाचले. २०१९ मध्ये बोभाटा झाला, पद्धत बदलली आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलबरोबर १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरवर प्रकरण मिटलं. ॲमेझॉनच्या फ्लेक्स सेवेतल्या चालकांच्या टिपा अशाच परस्पर वळवल्याबद्दल कंपनीला २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलर परत करावे लागले. एवढे पैसे जमायला किती कनवाळू माणसं लागली असतील, याचा हिशेब काकांनी करावा.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. न्यूयॉर्कचे नावाजलेले हॉटेलमालक डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप हद्दपार केली, पदार्थांचे दर वाढवले आणि पगार त्यातून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना मेनूकार्डावरचे आकडे टोचले, आणि टिपांवर बरी कमाई करणारे वेटर सोडून गेले. २०२० मध्ये टिप परत आली. मोठ्या शहरात महागड्या वाइनच्या बाटल्या वाढणाऱ्या वेटरला टिप हवीच असते, हेही खोटं नाही, पण २.१३ चा चटका खाणारी माणसं हमरस्त्यावरच्या स्वस्त खानावळींत पहाटे अंडी वाढत असतात आणि ती वृत्तपत्रांना मुलाखती देत नाहीत. राजधानी वॉशिंग्टनच्या मतदारांनी २०१८ मध्ये वेटरला पूर्ण वेतन द्या म्हणून कौल दिला, नगर परिषदेनं तो रद्द केला. मतदारांनी २०२२ मध्ये पुन्हा कौल दिला, परिषदेनं २०२५ मध्ये पुन्हा कात्री लावली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ मध्ये लोकप्रतिनिधींचा त्रास वाचवला आणि प्रस्ताव स्वतःच पाडला.

मग राजकारण्यांना कळवळा आला. जून २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लास वेगासमध्ये जाहीर केलं, की टिपांवर कर नको. दोन महिन्यांत कमला हॅरिस यांनी त्याच शहरात तेच जाहीर केलं. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी कायद्यावर सही केली: वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपांना २०२८ पर्यंत केंद्रीय आयकरातून वजावट. ज्यांची कमाई आयकराच्या उंबरठ्यापर्यंतच पोचत नाही, त्यांना यातून काय मिळालं? बातमी वाचायला मिळाली. मालकावर एका सेंटाचा बोजा पडला नाही, हे सांगायला नकोच. ज्या प्रश्नावर अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांचं एकमत होतं, तिथे पैसे तिसऱ्याचे असतात.

जगात दुसरीकडे हॉटेलं चालत नाहीत का? फ्रान्समध्ये सेवेचे पैसे पदार्थाच्या दरातच धरलेले असतात. जपानमध्ये टेबलावर सुटे ठेवून निघालात तर वेटर ते परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येण्याची शक्यता जास्त. ब्रिटननं तर ऑक्टोबर २०२४ पासून टिपांना हात लावायलाच मालकांना कायद्यानं मनाई केली. यापैकी एकाही देशात लोक उपाशी नाहीत.

आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलात बडीशेपेच्या वाटीशेजारी दहाची नोट ठेवून आपण उठतो, त्यात अजून तरी कुणाच्या पगाराचा फैसला नसतो. पण अमेरिकन अक्कल इथेही पोचली आहे. गाडी येण्याआधीच चालकाला आगाऊ टिप द्या, म्हणजे लवकर येईल, असं ॲप सुचवू लागलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे २०२५ मध्ये उबरला त्याबद्दल नोटीस काढली. सेवा झाल्यावर बक्षीस, हे निदान समजण्यासारखं होतं. सेवेआधी दिलेल्या पैशाला काय म्हणायचं, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या मराठी माणसाला मी सांगायला नको.

तेव्हा या उन्हाळ्यात एडिसनला किंवा डॅलसला लेकाकडे निघाला असाल, तर एवढं करा. बसून जेवलात तर वीस टक्के ठेवा. कर वगळून काढलेत तरी चालतील, काकांचा मुद्दा बरोबरच आहे. शक्यतो रोख ठेवा आणि तिच्या हातात द्या. पाण्याच्या बाटलीवर 'टिप नको'चं बटण खुशाल दाबा, मागच्या चौघांना तुमचं नावही माहीत नाही. आणि तरीही भांडायची हौस उरलीच, तर त्या मुलीशी भांडू नका. मॅनेजरला टेबलापाशी बोलवा आणि चारचौघांत विचारा, 'हिला तुम्ही तासाला किती देता?'