उजव्या पट्टीतलं धरण

मराठी माणसाने ब्लॉग काढला तो लिहिण्यासाठी, अशी नोंद पुढेमागे वाङ्मयाच्या इतिहासात होईल. ती खोटी असेल. २००५ ते २०१२च्या दरम्यान ज्यांनी ब्लॉग काढले त्यांना खासगीत विचारा. पहिला लेख एका बैठकीत झालेला असतो आणि उजवीकडची पट्टी सजवण्यात अख्खा पावसाळा गेलेला असतो. या पट्टीला साइडबार म्हणत आणि तिच्यात जे छोटे छोटे डबे लावायचे त्यांना विजेट. लेख म्हणजे डावीकडे उरलेल्या जागेत भरायचा मजकूर.

त्या पट्टीत काय नसे? घड्याळ असे. भिंतीवर, मनगटावर आणि संगणकाच्या कोपऱ्यात घड्याळ असलेल्या माणसाला हे चौथं. भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा असे आणि तो वाढतोय का हे बघायला ब्लॉगवाला स्वतःच दिवसातून अनेकदा भेट देई, त्यामुळे तो वाढेही. 'मराठी ब्लॉग विश्व' या ब्लॉगसूचीचं बोधचिन्ह असे. ते नसलं तर ब्लॉगचं बारसंच झालं नाही असं मानत. काहींच्या पट्टीत माशांचं तळं असे. माऊसने टिचकी मारली की दाणे पडत आणि मासे धावत येत. विरहाच्या कविता वाचायला आलेली माणसं माशांना दाणे घालून, कविता न वाचताच, प्रसन्न मनाने परत जात.

सगळ्यात मानाचा डबा म्हणजे फिरणारा पृथ्वीगोल. वाचक जिथून येई तिथे लाल ठिपका लागे. प्रत्येक मराठी ब्लॉगवाल्याला एक ठिपका कॅलिफोर्नियात मिळे, माउंटन व्ह्यू नावाच्या गावी. मग लग्नकार्यात सहज सांगायचं, "अमेरिकेतून वाचतात हो." तिकडून येत ते शोधयंत्राचे रोबो. पण वाचक म्हणून त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ते नेमाने येत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि शुद्धलेखनाच्या चुका काढत नसत. माणसांपैकी इतकं कोणी केल्याचं मला आठवत नाही.

माझा ब्लॉग अकोल्याचा. हे वाक्य लिहिलं की लगेच खुलासा करावा लागतो: अकोला नव्हे, अकोले. प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं. मराठी शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई यांच्यावर सविस्तर लिहावं, असं ठरवलं होतं. सविस्तर हा शब्द माझे विद्यार्थी जाणतात. हरिश्चंद्रगडाच्या नुसत्या कोकणकड्यावरचा माझा लेख वाचायला घेतला, तर तेवढ्या वेळात पायथ्याच्या पाचनईतून माणूस गडावर पोचेल.

पट्टीत मी हवामानाचा डबा लावला होता. गावाचं नाव दिलं की तो तिथलं तापमान दाखवी. इंग्रजीत अकोले लिहून दिलं. शेवटचं अक्षर त्याला पटलं नसावं. ते त्याने आपल्या मनाने सुधारलं आणि माझा ब्लॉग नेऊन ठेवला विदर्भात. आता अकोले-अकोला घोटाळ्याला काही संगणक लागत नाही. आमची पत्रं, पार्सलं, एका घरचा तर मुलगी बघायला निघालेला पाहुणासुद्धा आधी तिकडे जाऊन आलेला आहे. पण हा डबा तो घोटाळा चोवीस तास, रंगीत अक्षरांत जाहीर करू लागला. मे महिन्यात आमच्या डोक्यावर पंचेचाळीस अंश. पुढे पाऊस लागला, ज्याला जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात त्या घाटघरला सूर्य दिसेनासा झाला, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ निथळू लागलं, तरी पट्टीत ऊन रखरखत होतंच. भंडारदऱ्याला काजवे बघायला निघालेलं पुण्याचं एक कुटुंब माझ्या पट्टीवर विश्वासून टोप्या, गॉगल आणि ताकाच्या बाटल्या घेऊन आलं. काजवे त्यांना दिसले की नाही, ठाऊक नाही. छत्री कुठे मिळेल, हे विचारायला त्यांनी मला शेंडीहून फोन केला होता.

त्या डब्याला मी जिल्ह्याचं नावही देऊन पाहिलं. अहमदनगर म्हटल्यावर तो काही काळ ताळ्यावर आला. पुढे २०२४ साली जिल्हा अहिल्यानगर झाला, मी आदरपूर्वक नवं नाव घातलं आणि त्याने 'असे ठिकाण आढळले नाही' असं लिहून पडदा टाकला. विदर्भातून सुटका झाली, ती थेट नकाशाबाहेर.

बाकीचे डबेही असेच एकेक करून गेले. घड्याळ आणि मासे दोघेही फ्लॅश नावाच्या तंत्रावर जगत होते. त्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२०ला काढून घेतला गेला. जगभरच्या ब्लॉगांवरची घड्याळं थांबली आणि तळी आटली. माशांसाठी हळहळलेले लोक मला भेटले, घड्याळासाठी एकही नाही. पृथ्वीगोलाचं मरण वेगळ्या प्रकारचं. संकेतस्थळांचे पत्ते कुलुपाच्या चिन्हाचे झाले आणि जुन्या, बिनकुलुपाच्या पत्त्यावरून येणारा माल ब्राउझर दारातच अडवू लागला, तोही मुकाट्याने. भेटींचा आकडा मोजणारी सेवा बंद पडली. मुळात यातलं काहीच आपल्या पट्टीत नसतं. आपण लावतो तो एका ओळीचा निरोप: अमक्या संगणकावरून घड्याळ आण आणि इथे दाखव. तिकडे दुकान बंद झालं की निरोप्या रिकाम्या हाताने परत येतो आणि पट्टीत पांढरा चौकोन राहतो.

राहिला एकच डबा, कारण तो कोणाकडून आणलेला नव्हता. 'भंडारदरा : आजचा पाणीसाठा'. पाटबंधारे खात्याचा सकाळचा आकडा व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्यापर्यंत येई आणि चहा घेता घेता मी तो हाताने भरी. एकूण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, आज इतकं, टक्के इतके, विसर्ग इतका. पुढे त्याखाली निळवंड्याची ओळ आली. त्या धरणाची कल्पना १९७०ची आणि डाव्या कालव्यात पाणी सुटलं २०२३ साली, त्यामुळे ती ओळ टंकताना मला थोडं भरून येई.

भंडारदरा आमच्या तालुक्यात शेंडीजवळ, १९२६ साली पुरं झालेलं. पण त्याचे कालवे निघतात खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून आणि भिजवतात संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडची शेतं. धरण आमच्या उशाला आणि पाणी त्यांच्या उसाला. त्यामुळे माझ्या ब्लॉगचा खरा वाचकवर्ग लाभक्षेत्रात होता. त्यांची वाचनाची पद्धत मी एकदा संगमनेरच्या एसटीत शेजारच्या सीटवर पाहिली. गृहस्थांनी मोबाईलवर माझा ब्लॉग उघडला. माझा साचा जुना, संगणकाच्या मापाचा. फोनवर सगळं पान मुंगीच्या अक्षरात येतं. त्यांनी दोन बोटांनी उजवा वरचा कोपरा ताणून मोठा केला, आकडा पाहिला, "भरतंय" असं खिडकीला सांगितलं आणि फोन खिशात टाकला. डावीकडे माझा हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेवरचा लेख होता. त्यांच्या बोटांनी त्याला ओझरता स्पर्शही केला नाही.

आणि ऐन ऑगस्टमध्ये पट्टी नाहीशी झाली.

भंडारदरा पंधरा ऑगस्टच्या सुमारास भरायचं, असा आमच्याकडे पायंडा आहे. ध्वजवंदनाला जमलेल्या लोकांत अर्धी चर्चा देशाची आणि अर्धी ओव्हरफ्लोची असते. धरण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेलं आणि सकाळी फोन आला, "सर, श्रीरामपूरहून बोलतोय. पाणी कुठं गेलं?" क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. शंभरीला टेकलेलं दगडी धरण, त्यात असा प्रश्न. मग कळलं की पाणी जागेवर आहे, पट्टी जागेवर नाही. दुपारपर्यंत फोन थांबेनात. माझ्या कोकणकड्याविषयी एकानेही विचारलं नाही.

एसटी स्टँडजवळ माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. तिथे गेलो तर पीकविम्याची रांग लागलेली. "सर, बसा. कॅशे क्लिअर केली का?" हा त्याचा पहिला प्रश्न. डॉक्टर जीभ बघतात तसा तो हा प्रश्न प्रत्येकाला विचारतो. कॅशे झाडली, दुसऱ्या ब्राउझरने पाहिलं, रांगेतल्या तिघांनी आपापल्या फोनवर उघडून पाहिलं. पट्टी कोणालाच दिसेना. "फोटो रुंद झाला असंल," तो म्हणाला. दोन स्तंभांच्या साच्यात डावीकडचा ऐवज ठरल्या मापापेक्षा रुंद झाला की उजव्याला जागा उरत नाही आणि तो खाली ढकलला जातो. कोकणकड्याचा फोटो संशयित ठरला. तो आक्रसून पाहिला. कडा केविलवाणा दिसू लागला, पट्टी आली नाही.

तेवढ्यात रांगेतल्या एका बाईंनी सांगितलं, "गुरुजी, हाये की पाणी. पार खाली हाये." त्या मघापासून शांतपणे अंगठ्याने पान वर सारत होत्या. पट्टी गेलेली नव्हती. सगळे लेख संपल्यावर, तळाला जाऊन बसली होती. म्हणजे भंडारदऱ्याचा आकडा पाहायला वाचकाने आधी रतनगड चढायचा, मग कळसूबाईची १,६४६ मीटर उंची गाठायची, मग हरिश्चंद्रगड तारामतीच्या शिखरासकट ओलांडायचा आणि तिथून उतरल्यावर पाणी. मला ही व्यवस्था मनातून आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

पोरगा मात्र आता पेटला होता. एकेक लेख स्वतंत्र उघडला की पट्टी जागेवर दिसे. मुखपृष्ठावर मात्र तळाला. "म्हंजी साचा बरोबर हाये. मुखपृष्ठावरच्या एखाद्या मजकुरातच किडा हाये." त्याने निम्मे लेख झाकले. पट्टी तळालाच. राहिलेल्यातले निम्मे झाकले. पट्टी टुणकन वर. असं निम्म्याचं निम्मं करत तो ज्या ठिकाणी पोचला तिथे एक कविता होती.

ती माझी नव्हती. आमचे एक स्नेही निवृत्त तलाठी आहेत. गावाच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांना मी पाहुणे कवी म्हणून ब्लॉगची किल्ली दिली होती. त्यांनी प्रवरेवरची कविता स्वतःच चढवली. चढवताना अक्षरांमागचा कोड दिसणारी खिडकी उघडली गेली, तळाशी तिरप्या रेघेचं एक 'डिव्ह' दिसलं, आणि शासकीय कागद एका सहीवर पुरा होत नाही या जन्माच्या सवयीने त्यांनी त्याखाली आणखी एक 'डिव्ह' लिहिलं.

पोराने त्यांना दुकानात बोलावून समजावलं की हे डिव्ह म्हणजे चौकटी आहेत, एकीच्या पोटात दुसरी. जितक्या उघडल्या तितक्याच बंद करायच्या. एक जास्त बंद केली की बाहेरची मोठी चौकट अवेळी बंद होते आणि पट्टी घराबाहेर पडते. भाऊसाहेबांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे पोटहिस्सा बंद करायचा होता आणि मूळ गटच बंद झाला."

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. इतकं नेमकं त्याला त्याच्या कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

"मग काढू का सर ते?" त्याने विचारलं.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "घाई नको." मग मला बाजूला घेऊन त्यांनी जी माहिती दिली ती अशी: दोन दिवसांत त्यांना राहात्याहून, आश्वीहून आणि नेवाशाकडून फोन आले होते. कवितेखाली त्यांनी आपला नंबर दिलेला होता. पाण्याच्या शोधात खाली निघालेला माणूस वाटेत कवितेवरून जात होता आणि काहीजण तिथे टेकतही होते. एकाने तर 'तू येशील का गं यंदाही वेळेवर' ही ओळ वाचून, कालव्याच्या आवर्तनाची तारीख ठरली का, असं विचारलं होतं. "आयुष्यभर लिहितोय," भाऊसाहेब म्हणाले, "पण एवढा वाचक बघितला नाही. राहू द्या की असंच. धरण भरेपर्यंत तरी."

माझाही हात क्षणभर आखडला. कोकणकड्यावरूनही माणसं जातच होती. पण तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज म्हणाला, "सर, पाणी शोधता शोधता माझा आजचा डेटा संपला." आणि पोराने आम्हाला न विचारता ते डिव्ह उडवलं. पट्टी वर आली. रांगेतून कोणीतरी "ब्याण्णव टक्के!" असं ओरडलं आणि पीकविम्याचं काम पुन्हा सुरू झालं.

भाऊसाहेब तडजोडीला तयार झाले, पण लेखी. अट अशी की कविता उजव्या पट्टीत जाईल, पाणीसाठ्याच्या वर. हद्द, चतुःसीमा आणि अक्षरांचा आकार त्यांनी कागदावर लिहून दिला. पोराने कविता आधी नोटपॅडमधून गाळून घेतली आणि मग चढवली. आता लाभक्षेत्रातले लोक दोन बोटांनी कोपरा ताणतात तेव्हा आधी भाऊसाहेब मोठे होतात, मग धरण. कालच कोपरगावहून एक गृहस्थ विचारत होते, "सर, आकड्याच्या वर ते ओळीओळीनं काय लिहिलंय? आवर्तनाचं नवीन परिपत्रक आलंय का?"