जुगार नव्हे हो, छंद!

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत आला, तेव्हा मूळ नियमांत प्रत्येकाने आपला एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने तो घरी न्यायचा, अशी सोय होती. पुढे ती स्पर्धांतून हद्दपार झाली. पैज लावणे म्हणजे जुगार, आणि जुगार वाईट! आता खेळाडू सीलबंद पाकिटे विकत घेतो आणि हवा तो पत्ता निघेपर्यंत घेतच राहतो. याला छंद म्हणतात.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात स्पर्धा. डेक, म्हणजे खेळाडूने स्वतः जुळवलेला पत्त्यांचा संच, किमान ६० पत्त्यांचा. ‘जमीन’ या प्रकारचे साधे पत्ते सोडले, तर एका पत्त्याच्या फार तर ४ प्रती. केवढी ही समता! त्या चारांची किंमत मात्र नियमांत येत नाही. ५० मिनिटांच्या फेरीत पत्त्यांवरील बारीक अक्षरांचा एवढा कीस पडतो की वकिलांनी शिकवणी लावावी. शेवटच्या फेरीत आघाडीचे दोघे न खेळताच हात मिळवून बरोबरी घेतात. तेही नियमात बसते. बक्षीस? बहुधा आणखी सीलबंद पाकिटे.

नवख्यांनी डेक जरूर बांधावा. त्याआधी खिसा चाचपावा.