आधी दगड बसू देत

मासे पाळणारे वेगळे आणि मासे पाळणार असलेले वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या गृहस्थाच्या हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी असते, वर निळे दिवे असतात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशोबानं कालवलेलं खारं पाणीही असतं. मासा तेवढा नसतो. विचारलं तर म्हणतात, "आधी दगड बसू देत."

हार्डवेअरच्या दुकानात ते अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप, डझनभर टी आणि त्याहून जास्त एल्बो मागतात. "कॉमन बाथरूम की मास्टर?" दुकानदार विचारतो. "समुद्र," हे उत्तरतात. तांब्याची नळी मात्र फुकट दिली तरी नको. पाण्यात तांबं उतरलं की कोळंबी आणि प्रवाळ गेलेच.

पाईपांचं कारण पटण्यासारखं आहे. दगड वाळूवर रचले, की पिस्तूल कोळंबी खाली बोगदा खणते, गोबी मासा दारावर पहारा देतो आणि वरचा डोलारा काचेवर येतो. म्हणून आधी तळावर पाईपचं टेबल, त्यावर दगड, शेवटी वाळू. पाईपांना जागोजागी भोकं हवीत. नाहीतर आत हवा कोंडून टेबलच वर येतं. दगडांना ड्रिलनं आरपार भोक पाडून ॲक्रिलिकची सळई घालायची आणि सांध्याला इपॉक्सी पुट्टी थापायची.

दगडही घरचेच. कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंगतीला बसलेले; त्यामुळे यांनी सिमेंटचे ओतले. सिमेंट पाण्याचा पीएच चढवतं, म्हणून ते आठवडेच्या आठवडे बाथरूममध्ये भिजत पडतात.

"अहो, माझी बादली कधी मिळेल?"

"पीएच उतरला की."

पाहुण्यांना आंघोळीसाठी तांब्या आणि शुभेच्छा मिळतात.

यांची खरी पंचाईत पुढेच आहे. या कलेत आधार दिसला की काम फसलं. दगड आपसूक अधांतरी उभा आहे असं वाटायला हवं. आघाडी सरकारसारखं, पाठिंबा कुणाचा ते कळता कामा नये. पण महिनोन्‌महिने राबून केलेलं काम कुणालाच दिसत नाही, हे कुठल्या मराठी माणसाला सोसेल? मग चहाला आलेल्या माणसाला फरशीवर आडवं केलं जातं, गाल लादीला टेकवला जातो, हातात टॉर्च येतो.

"वरचा दगड तरंगतोय असं वाटतं ना?"

"हो!"

"तरंगत नाहीये!" आणि कागदावरचा नकाशा उलगडतो.

सोसायटीच्या चेअरमननी एकदा टाकीच्या वजनाबद्दल पत्र पाठवलं. नुसतं पाणीच अडीचशे किलोंच्या वर, तेव्हा शंका रास्त होती. हे बीमच्या बाजूचा आराखडा घेऊन गेले, बीमवर पाच मिनिटं बोलले आणि उरलेला वेळ पाईपच्या टेबलावर. चेअरमन तेव्हापासून जिन्यानं जातात.

अखेर दोन क्लाउनफिश आले. त्यांच्यासाठी कमान होती, सज्जा होता, हवेशीर गुहा होती. दोघांनी सगळी वास्तू एकदा फिरून पाहिली आणि पंपाच्या मागच्या कोपऱ्यात बिऱ्हाड थाटलं.

"त्यांना पंपच आवडलाय," बायको म्हणाली.

हे बाह्या वर करत उठले. "मग पंपाखाली टेबल करतो."