रेशोआण्णा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णांना "गाडी कुठवर आली?" असं विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याचा चहा गार होतो आणि पिस्टन काही ठरत नाही. बँकेतून निवृत्त होताना आण्णांनी दोन संकल्प सोडले होते : चारधाम करायचं आणि जुनी कास्ट आयर्नची 350 बुलेट नव्यानं बांधायची. चारधाम वहिनी एकट्या करून आल्या. बुलेट अजून पत्र्याच्या डब्यांत आहे.

वास्तविक काम सरळ आहे. बोर झिजलाय. पुढच्या साइजचा बोर मारायचा, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घालायच्या, हेड आवळायचं आणि किक मारायची. पण बसेल तो पिस्टन घालणं म्हणजे आण्णांच्या मते पत्रिका न बघता सोयरीक करण्यासारखं. फोर्ज्ड पिस्टन अंगानं मजबूत, पण तापला की जास्त फुगतो. त्याला बोरात मोकळीक जास्त द्यावी लागते आणि मग गार इंजिनात तो खडखडतो. कास्ट पिस्टन आवाजाला शांत, पण नॉकिंगचा मार त्याला सोसत नाही. त्यात फोर्ज्डमध्येही दोन घराणी : 4032 या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त, म्हणून तो कमी फुगतो, 2618 मध्ये सिलिकॉन नावाला, म्हणून जास्त फुगतो, पण मार खाऊन टिकतो. नातवाचा वाढदिवस आण्णा दरवर्षी विसरतात. हे दोन आकडे झोपेतून उठवून विचारा.

पण पिस्टन हे निमित्त. आण्णांचा जीव अडकलाय तो कॉम्प्रेशन रेशोत, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं त्या आकड्यात. तो मोजायला डायनिंग टेबलावर हेड उलटं मांडलं जातं. प्लग घट्ट, व्हॉल्व्हच्या कडांना ग्रीस, वर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा. मग मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजनं आण्णा थेंबथेंब रॉकेल सोडतात. तुकड्याखाली एखादा बुडबुडा राहिला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून. वहिनी तोवर पानं स्वयंपाकघरात जमिनीवर मांडतात आणि "भाजीला रॉकेलचा वास येतोय" असं भिंतीला सांगतात.

हिशेब वहीत आहे. बोर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. पिस्टन टोकाला पोचल्यावर वर जागा 63 सीसी उरली की रेशो साडेसहाला एक. ती 53 वर आणली की साडेसात. फरक 10 सीसीचा, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे. या दोन चमच्यांपायी गाडी उघडी पडलीय. ते कमी करायला उंच डोक्याचा पिस्टन घ्यावा की ब्लॉक खालून घासावा? मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर होईल का? ते बघायला नातवाची रंगीत माती पिस्टनवर थापून झाली. नातू रडला. मातीवर व्हॉल्व्हचा ठसा मात्र छान उमटला.

आण्णा वेडे नाहीत, हीच खरी अडचण आहे. त्यांची प्रत्येक शंका बरोबर असते. रेशो वाढला की मिश्रण जास्त दाबलं जातं, जास्त तापतं. वरच्या गिअरात रेटून चढ चढताना ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटतं आणि इंजिन टकटकायला लागतं, तेच नॉकिंग. बुलेटचा लोखंडी ब्लॉक उष्णताही लवकर सोडत नाही. मग पंपावरचं साधं पेट्रोल पुरेल की जास्त ऑक्टेनचं भरावं? शंभर ऑक्टेनचंही पेट्रोल 2020 पासून देशात मिळतं. ते मिळणार असेल तर साडेसातवर थांबणं हा पेट्रोलचा अपमान नाही का? आणि हे सगळं ज्या गाडीसाठी, ती फिरणार रंकाळ्यावरून गंगावेशीपर्यंत, संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला. फार तर वर्षातून एकदा जोतिबा.

परवा गाडीचं काम बघणाऱ्या मिस्त्रींनी हातातला फीलर गेज खाली ठेवला.

"आण्णा, साडेसहाचा साडेसात केला तर गावतंय किती?"

"थिअरीत पाच टक्के!" आण्णांनी वही उघडलीच. "अठरा घोड्यांचे जवळजवळ एकोणीस."

"आन् गाडी अधिक तुम्ही, वजन किती?"

"दोनशे साठ किलो धरा."

"पाच टक्क्यांनी झालं तेरा. तेवढं तुम्हीच उतरवा की! पिकअप तेवढाच मिळंल, आन् ब्लॉकला हातबी लावाय नको."

लेथवरचं पोरगं पाठ फिरवून हसलं. आण्णांनी समोरची भजी बाजूला सारली, वही मिटली आणि ते काही न बोलता निघून गेले. मिस्त्रींनी सुटकेचा निःश्वास टाकून स्टँडर्ड रेशोच्या कास्ट पिस्टनची ऑर्डर फोनवर देऊन टाकली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच आण्णा दारात हजर. हातात नवी वही, पहिल्या पानावर स्वतःचं वजन, दोन दशांश स्थळांपर्यंत.

"मिस्त्री, ऑर्डर थांबवा. तुमचं म्हणणं पटलं. तेरा किलो गेले की जोतिबाच्या चढावर इंजिनावर लोड कमी. लोड कमी, की नॉकिंग कमी. मग साडेसातवर कशाला थांबायचं? आठ करू!"