चेअरमन हटाव

गृहनिर्माण सोसायटीचा चेअरमन म्हणजे बिनपगारी हुकूमशहा, हे सभासदांचं लाडकं मत. तो पार्किंगच्या रेषा आखतो, गच्चीला कुलूप लावतो, थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर चिकटवतो. (शेवटचं पाप सर्वांत अक्षम्य.) तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याला समोसे येण्याआधीच खाली खेचलं जातं आणि वैतागून अख्खी कमिटी राजीनामा देते.

मग नवी कमिटी? 'आम्हाला कुठे वेळ आहे हो!' हीच मंडळी सभेत तासभर जुलूम या विषयावर बोलली होती. टाकी भरून वाहते, पंप कुणी बंद करायचा यावर व्हॉट्सॲपवर घटनात्मक चर्चा रंगते आणि लिफ्टवाल्याच्या बिलावर सही करायला कुणीच नसतं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लिहिणाऱ्यांना ही माणसं आधीच भेटलेली असावीत. कमिटीच उरली नाही, की निबंधकांना प्रशासक नेमता येतो. त्याचं मानधन सोसायटीच्याच खात्यातून जातं. चेअरमन निदान फुकट ओरडत होता. शिवाय गच्चीची किल्ली पूर्वी पाचव्या मजल्यावर मिळायची. आता अर्ज करावा लागतो, दोन प्रतींत.